मेरी बार्बर यांचे तीन आकडे : प्रतिजैविकरोधाचा इतिहास प्रयोगशाळेतून वाचताना

१/
लंडनमधील हॅमरस्मिथ रुग्णालय, साल १९४६. रुग्णांकडून मिळालेल्या स्टॅफिलोकोकस जिवाणूंपैकी सुमारे १४ टक्के पेनिसिलिनला दाद देत नव्हते. १९४७ साली हे प्रमाण ३८ टक्के झाले आणि १९४८ साली ५९ टक्के. पेनिसिलिन सर्वसामान्य नागरिकांच्या उपचारांत येऊन तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती. हे तीन आकडे जगासमोर मांडणाऱ्या जिवाणुशास्त्रज्ञ होत्या मेरी बार्बर. अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बार्बर यांचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांच्या तळटिपांतही शोधावे लागते. हा धागा त्या विस्मरणाविषयी आहे आणि त्याची जी किंमत आज मोजावी लागत आहे, तिच्याविषयीही.

२/
प्रतिजैविकांचा इतिहास आपल्याकडे शोधकथांच्या रूपाने सांगितला जातो. बुरशीची बशी, योगायोग, चमत्कार, नोबेल पारितोषिक. मग त्याच कथेच्या अखेरीस 'जिवाणू हुशार झाले' असे एक वाक्य जोडले जाते. ही मांडणी अपुरी आहे. औषध निष्प्रभ होत असल्याची वार्ता प्रत्येक वेळी कोणा एका तपासनीसाने, सूक्ष्मदर्शकापाशी बसून, वेळेवर दिली होती. त्या वार्तेची दखल कितपत घेतली गेली, हा या इतिहासाचा खरा कणा आहे. प्रतिजैविकरोधावरचे कोणतेही धोरण तपासणीवाचून आंधळे राहते, हे या धाग्याचे प्रतिपादन आहे.

३/
प्रथम शब्दाविषयी. 'पॅथॉलॉजी' म्हटले की आपल्या गावांत रक्त-लघवी तपासणारी कोपऱ्यावरची लॅब डोळ्यांसमोर येते. ग्रंथांतील मराठी प्रतिशब्द 'विकृतिशास्त्र'. रोगाने शरीरात नेमके काय बदलले आणि ते कशामुळे बदलले, याचा शोध घेणारे हे शास्त्र. रोगजंतूंची ओळख पटवणारे सूक्ष्मजीवशास्त्र याच घरात वाढले. रुग्णाला हे तपासनीस बहुधा कधी दिसत नाहीत. त्याला दिसतो तो कागदावरचा अहवाल आणि त्याखालची सही. इतिहासातही त्यांची अवस्था फारशी निराळी राहिली नाही.

४/
१८८४ साली बर्लिनमध्ये हान्स ख्रिश्चन ग्राम हे तरुण डॅनिश वैद्य कार्ल फ्रीडलेंडर या विकृतिशास्त्रज्ञांकडे काम करीत होते. न्यूमोनियाने दगावलेल्या रुग्णांच्या फुप्फुसांच्या कापांत जंतू ठळक दिसावेत, एवढाच त्यांचा हेतू होता. त्यांनी जांभळा रंग, आयोडिन आणि अल्कोहोल असा क्रम लावला. काही जंतूंनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. 'ग्राम-पॉझिटिव्ह' आणि 'ग्राम-निगेटिव्ह' ही जगभरची विभागणी शवागाराच्या शेजारी अशी जन्मली. आजही कोणते प्रतिजैविक उपयोगी पडण्याची शक्यता आहे, याचा पहिला अंदाज याच रंगावरून बांधला जातो आणि त्याला काही मिनिटेच लागतात.

५/
दुसरा पाया रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत घातला गेला. जंतूंची शुद्ध वसाहत वाढवायची तर घट्ट पृष्ठभाग हवा, पण जिलेटिन उष्णतेने वितळून जाई. वाल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातील अगर सुचवले. पुढे १८८७ साली युलियस पेट्री यांनी झाकणाच्या उथळ बशीचे वर्णन प्रसिद्ध केले. स्वयंपाकघरातील एक पदार्थ आणि काचेची एक बशी, एवढ्या साध्या सामग्रीने जंतू एकेकटा वेगळा काढून त्याला प्रश्न विचारण्याची सोय झाली. 'तुला कोणते औषध मारते?' हा प्रश्न विचारण्यासाठी मात्र औषधांचा जमाना यावा लागला.

६/
पेनिसिलिनचे औषध कोठे झाले, हेही पाहण्याजोगे आहे. फ्लेमिंग यांनी १९२८ साली बुरशीचा परिणाम टिपला, परंतु रुग्णाला देता येईल असे औषध त्यातून घडले ते ऑक्सफर्डच्या सर विल्यम डन स्कूल ऑफ पॅथॉलॉजीमध्ये. हॉवर्ड फ्लोरी तेथे पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. त्यांचे सहकारी नॉर्मन हीटली यांनी अगरच्या बशीवर छोट्या नळकांड्या उभ्या करून त्यांत द्रव भरण्याची पद्धत बसवली. नळकांडीभोवती जंतू जितके दूरवर मेले, तितके द्रवातील औषध तीव्र. औषधाची ताकद जंतूंवरून मोजली जात होती. हेच गणित उलटे मांडले की जंतूंची ताकद औषधावरून मोजता येते.

७/
याच ऑक्सफर्डमध्ये डिसेंबर १९४० मध्ये एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. पेनिसिलिन नष्ट करणारे एक विकर त्यांना जिवाणूंत सापडले होते. ही तारीख ध्यानात ठेवावी. अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाला पेनिसिलिनचे पहिले इंजेक्शन फेब्रुवारी १९४१ मध्ये दिले गेले. त्यांची प्रकृती सुधारू लागली, औषधाचा साठा संपला, लघवीतून पेनिसिलिन परत काढून ते पुन्हा देण्यापर्यंत मजल गेली, तरीही मार्चमध्ये त्यांचा मृत्यू झाला. म्हणजे औषध पहिल्या रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच प्रयोगशाळेने त्याच्या पराभवाची यंत्रणा नोंदवून ठेवली होती.

८/
फ्लेमिंग यांनाही याची जाणीव होती. डिसेंबर १९४५ मधील नोबेल व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही अपुऱ्या मात्रेत. जंतू मरत नाहीत, उलट सरावतात. पुढे तेच जंतू त्याच्या पत्नीला जडतात आणि पेनिसिलिन तिला वाचवू शकत नाही. या इशाऱ्याचा दाखला आज वारंवार दिला जातो. त्यातील एक मर्यादा मात्र सहसा सांगितली जात नाही. या गोष्टीत सारा दोष एका बेजबाबदार माणसावर जातो. मेरी बार्बर यांना दिसलेले चित्र निराळे होते.

९/
बार्बर यांच्यापुढचा प्रश्न असा होता : हॅमरस्मिथमधील जिवाणू प्रत्येक रुग्णाच्या शरीरात नव्याने औषधाला सरावत होते, की आधीपासून रोधक्षम असलेले जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात होते? हा भेद वरवर पांडित्याचा वाटेल. पण पहिले उत्तर खरे असेल तर उपाय मात्रा वाढवण्याचा. दुसरे खरे असेल तर उपाय हात धुण्याचा, खाटांमधील अंतराचा, रुग्णांना वेगळे ठेवण्याचा. म्हणजे रुग्णालयाने कोठे पैसा आणि कष्ट घालावेत, याचा निर्णय या एका उत्तरावर अवलंबून होता, आणि ते उत्तर रुग्णशय्येपाशी उभे राहून मिळणारे नव्हते.

१०/
उत्तर मिळाले ते 'फेज टायपिंग' या तंत्राने. जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, ठरावीक वाणांवरच हल्ला करतात. कोणता जिवाणू कोणत्या फेजला बळी पडतो हे पाहिले की त्याचे कुळ कळते. बार्बर यांच्या कामातून दिसले की रुग्णालयातील रोधक्षम स्टॅफिलोकोकस प्रामुख्याने निवड आणि प्रसार यांतून वाढत होते. पेनिसिलिन साध्या वाणांना संपवत होते आणि मोकळ्या झालेल्या जागेत रोधक्षम वाण पसरत होते. पसरण्याच्या वाटा म्हणजे कर्मचाऱ्यांचे हात, नाकपुड्या आणि वॉर्डातील नेहमीची वर्दळ. दोष एका निष्काळजी रुग्णाचा नव्हता, व्यवस्थेचा होता.

११/
त्याच सुमारास क्षयरोगाच्या क्षेत्रात हाच धडा मिळत होता. ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल १९४८ साली आला. सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. यश स्पष्ट होते. परंतु थुंकीच्या तपासणीत बहुतांश रुग्णांचे जंतू स्ट्रेप्टोमायसिनला सरावल्याचे आढळले आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांतील मृत्यूंचा फरक जवळजवळ मिटला. क्षयरोगावर एकाच वेळी अनेक औषधे देण्याची आजची रीत या अनुभवातून आली. थुंकी तपासली गेली नसती, तर केवळ सहा महिन्यांचे यश तेवढे इतिहासात उरले असते.

१२/
१९५० च्या दशकात स्वीकारलेला मार्ग बहुतेक ठिकाणी एकच होता : नवे औषध. टेट्रासायक्लिन आले, एरिथ्रोमायसिन आले, आणि रुग्णालयांतील स्टॅफिलोकोकस त्यांनाही सरावत गेले. बार्बर यांनी दशकाच्या अखेरीस हॅमरस्मिथमध्ये वेगळा मार्ग अवलंबला. पेनिसिलिनचा वापर कसोशीने मर्यादित केला, इतर प्रतिजैविके शक्यतो जोडीने दिली आणि संसर्ग पसरू नये यासाठी शिस्त लावली. १९६० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोधक्षम जिवाणूंचे प्रमाण घटले होते. वाढतच जाणार असे मानलेली रेषा खाली वळवता येते, याचा हा फार महत्त्वाचा आरंभीचा पुरावा होय.

१३/
येथे सावधपणे बोलले पाहिजे. हे एका रुग्णालयातील काम होते आणि तेथे अनेक उपाय एकाच वेळी योजले गेले होते. कोणत्या उपायाचा वाटा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. १९४६ पासूनचे आकडे हाताशी नसते, तर १९६० साली काही सुधारले की बिघडले हे कोणालाच सांगता आले नसते. उपाय फळला हे कळले, कारण आधी मोजले गेले होते. १९६३ साली लॉरेन्स गॅरॉड यांच्यासह बार्बर यांनी प्रतिजैविकांवरचा एक महत्त्वाचा ग्रंथ सिद्ध केला. १९६५ साली मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला.

१४/
प्रयोगशाळा असली म्हणजे संकट टळते, असा भाबडा दावा येथे अभिप्रेत नाही. पेनिसिलिनरोधी स्टॅफिलोकोकसवर मात करण्यासाठी १९५९ साली मेथिसिलिन आले. लंडनच्या कॉलिंडेल येथील संदर्भ प्रयोगशाळेत पॅट्रिशिया जेव्हन्स देशभरातून आलेले हजारो नमुने तपासत होत्या. १९६१ च्या आरंभी त्यांनी मेथिसिलिनला दाद न देणाऱ्या तीन वाणांची नोंद प्रसिद्ध केली. आज जगभरच्या रुग्णालयांना ठाऊक असलेला 'एमआरएसए' तो हाच. औषध येऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पहाऱ्यावरच्या व्यक्तीने हाक दिली होती. पुढची कित्येक दशके तो जिवाणू पसरतच राहिला. हाक देणे आणि ती ऐकली जाणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१५/
जपानमधील वैद्यांनी त्याच काळात त्याहून धक्कादायक सत्य हुडकले. तेथे आमांशाचे शिगेला जिवाणू सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चारही औषधांना एकदमच दाद देईनासे झाले होते. १९५९ साली तोमोइचिरो आकिबा आणि कुनितारो ओचिआई यांच्या गटांनी दाखवले की ही रोधक्षमता एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी भिन्न जातीच्या जिवाणूकडेही, जाऊ शकते. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली इंग्रजीत विस्तृत आढावा लिहिला, तेव्हा पाश्चात्त्य जगाचे लक्ष त्याकडे वेधले गेले. ज्ञान उपलब्ध होते, परंतु ते जपानी भाषेत होते. विज्ञानाच्या इतिहासात भाषेची भिंत किती उंच असते, याचे हे एक उदाहरण.

१६/
आता त्या साध्या चाचणीकडे वळू, जिच्यावर आजही जगातील असंख्य प्रयोगशाळा विसंबून आहेत. सिएटलमधील अल्फ्रेड बॉवर, विल्यम कर्बी, जॉन शेरिस आणि मार्विन टर्क यांनी १९६६ साली ती प्रमाणित स्वरूपात मांडली, तीही क्लिनिकल पॅथॉलॉजीच्या एका अमेरिकन नियतकालिकात. बशीवर रुग्णाच्या जिवाणूंचा एकसारखा थर द्यायचा, त्यावर औषध मुरवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि रात्रभर उबेत ठेवायचे. सकाळी चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचे. वर्तुळ मोठे असेल तर औषध चालेल, लहान असेल तर नाही. मूळ कल्पना जुनीच होती. नवे होते ते प्रमाणीकरण : सिएटलची बशी आणि सोलापूरची बशी यांचे उत्तर तुलनीय असावे, हा आग्रह.

१७/
प्रयोगशाळेची अप्रिय साक्ष नाकारण्याची सवय आपल्याकडेही जुनी आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळ गोमंतकीय वैद्यांनी प्लेगचे निदान केले. व्यापारी बंदराच्या शहराला ते परवडणारे नव्हते आणि आरंभी त्याविषयी शंकाच अधिक घेतल्या गेल्या. निदान खरे ठरले. वाल्देमार हाफकिन कलकत्त्याहून मुंबईत आले, ग्रँट मेडिकल कॉलेजातील तुटपुंज्या जागेत त्यांनी काम सुरू केले आणि जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्या प्रयोगशाळेची वारस आहे. पण व्यापाराच्या भीतीने रोगाचे नाव टाळण्याची वृत्ती १८९६ मध्येच संपली, असे म्हणता येत नाही.

१८/
ऑगस्ट २०१० मध्ये 'एनडीएम-१' या विकराने मोठे वादळ उठवले. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जिवाणूत ते प्रथम ओळखले गेले, म्हणून त्याच्या नावात 'न्यू दिल्ली' आले. हे विकर कार्बापेनेम गटातील राखीव औषधांनाही निष्प्रभ करते. शहराचे नाव जंतूशी जोडले जाण्यावर भारताने घेतलेला आक्षेप अनाठायी म्हणता येणार नाही. मात्र त्या गदारोळात एक गोष्ट झाकोळली. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील वैद्यांनी भारतीय नियतकालिकात लिहिले होते की तीन महिन्यांत सापडलेल्या कार्बापेनेमरोधी २४ जिवाणूंपैकी २२ जिवाणूंत हे विकर होते. परदेशी नियतकालिकाआधीच देशातील प्रयोगशाळेने सांगितले होते.

१९/
डिसेंबर २०११ मध्ये त्याच रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी क्षयरोगाच्या चार रुग्णांविषयी लिहिले. चाचणी केलेल्या एकाही औषधाला त्यांचे जंतू दाद देत नव्हते. त्यांनी वापरलेल्या 'संपूर्ण औषधरोधी' या संज्ञेवर सरकारने आक्षेप घेतला आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ती संज्ञा मान्य केली नाही. शास्त्रीय काटेकोरपणाच्या दृष्टीने त्या आक्षेपात तथ्य होते. पण संज्ञेचा वाद म्हणजे रुग्णाचा प्रश्न नव्हे. पुढे मे २०१२ मध्ये क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद कळवणे भारतात बंधनकारक झाले. चार रुग्णांच्या अहवालाने उडवलेल्या खळबळीचा या निर्णयामागे काहीच वाटा नव्हता, असे मानणे कठीण आहे.

२०/
'तपासणी वाढवा' एवढेच म्हणणे पुरेसे का नाही, याचे उदाहरणही त्याच काळातले आहे. क्षयरोगासाठी रक्तातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या भारतातील खासगी क्षेत्रात सर्रास केल्या जात. त्यांचे निष्कर्ष विश्वासार्ह नव्हते. क्षय नसलेल्यांना औषधे सुरू होत आणि क्षय असलेले निर्धास्त घरी जात. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचण्या वापरू नयेत असे बजावले आणि जून २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. खोटा साक्षीदार हा साक्षीदार नसण्याहून वाईट. प्रयोगशाळेचे मोल यंत्रांच्या संख्येवरून ठरत नाही, तिच्या उत्तराच्या खरेपणावरून ठरते.

२१/
या प्रतिपादनावरचा सर्वांत सबळ आक्षेप वैद्यांकडून येतो. रक्तात विष भिनलेला रुग्ण समोर असताना कल्चरच्या अहवालासाठी दोन-तीन दिवस थांबणे म्हणजे त्याला मरू देणे. हे पूर्णतः खरे आहे. अशा वेळी अंदाजानेच औषध सुरू करावे लागते. प्रश्न इतकाच, की तो अंदाज कशावर बांधायचा? त्या भागात, त्या रुग्णालयात गेल्या वर्षभरात कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देत होते, याचा तक्ता भिंतीवर असेल तर तो अंदाज अनुभवाचा होतो. तो तक्ता कालच्या रुग्णांच्या नमुन्यांतून तयार होतो. औषध देण्याआधी घेतलेले रक्त या रुग्णाच्या परवाच्या उपचाराला दिशा देते आणि पुढच्या वर्षीच्या अनोळखी रुग्णाच्याही उपयोगी पडते.

२२/
दुसरा आक्षेप खर्चाचा. गोळ्यांची पट्टी स्वस्त आहे आणि तपासणी महाग. रोजंदारीवरच्या कुटुंबाने कल्चरसाठी पैसे मोजून तीन दिवस थांबावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. म्हणूनच तो भार रुग्णाच्या खिशावर टाकता येणार नाही. या तपासणीचा लाभ एकट्या रुग्णाला होत नाही, साऱ्या परिसराला होतो. पाण्याच्या शुद्धतेची चाचणी कोणी घरटी पैसे घेऊन करीत नाही. मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, रोगाची ओळख आणि 'किमान तरी'. 'माधवनिदान' हा ग्रंथ उपचार बाजूला ठेवून केवळ रोगनिश्चयाला वाहिलेला होता. ओळख हीच किमान पायरी आहे, आणि किमान पायरी प्रत्येकाला मिळालीच पाहिजे.

२३/
किती मोठ्या प्रश्नाविषयी हे बोलणे चालू आहे? २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट जिवाणूंच्या औषधरोधामुळे झाले, आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी त्याचा संबंध होता. त्याच वर्षी आफ्रिकेतील १४ देशांच्या पाहणीतून दिसले की तेथील सुमारे ५० हजार वैद्यकीय प्रयोगशाळांपैकी जिवाणूंची तपासणी करणाऱ्या केवळ १.३ टक्के होत्या. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. जेथे मृत्यू अधिक, तेथेच साक्षीदार कमी. तेथील चित्र मोठ्या अंशी गणिती अनुमानावरच उभे राहते.

२४/
भारताची स्थिती मधली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ साली औषधरोधावर लक्ष ठेवणारे प्रयोगशाळांचे जाळे उभारले. मार्च २०१४ पासून काही महत्त्वाची प्रतिजैविके 'एच-१' अनुसूचीत आली. २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. ही पावले योग्यच होती. पण त्या जाळ्याच्या गाठी मुख्यतः मोठ्या शहरांतील मोठ्या रुग्णालयांत आहेत. तेथे रुग्ण पोहोचतो तो अनेक औषधे निकामी ठरल्यानंतर. त्यामुळे हाती येणारे आकडे बिकट रुग्णांचे असतात. तालुक्याच्या दवाखान्यात लघवीच्या साध्या संसर्गाला आज कोणते स्वस्त औषध पुरेसे आहे, हे त्यांतून कळत नाही. तो अंधार मग महागड्या औषधांनी भरून काढला जातो.

२५/
इतिहासाचा कौल येथे पुरेसा स्पष्ट आहे. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हा औषध आपल्याच देशात व्हावे, हे स्वातंत्र्याचे एक स्वप्न होते. ते यथार्थ होते. त्याच ईर्ष्येने जिल्ह्याजिल्ह्यात विश्वासार्ह सूक्ष्मजीव प्रयोगशाळा, तिच्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि नमुना वेळेत पोहोचवणारी व्यवस्था उभी राहायला हवी होती. आज दोन तासांत क्षयाचा जंतू आणि त्याचा रिफाम्पिसिनरोध सांगणारी यंत्रे उपलब्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्येच त्यांची शिफारस केली. यंत्र खरेदी करणे तुलनेने सोपे. ते चालवणारा माणूस टिकवणे आणि त्याच्या उत्तरावर विश्वास ठेवून वागणे, हे अवघड काम आहे.

२६/
शेवटी, इतिहासप्रेमींसाठी एक कार्य. किल्ले, ताम्रपट, मोडी कागद यांच्या जतनाविषयी आपल्याकडे जागृती आहे. रुग्णालयांच्या प्रयोगशाळांतील जुन्या नोंदवह्यांकडे मात्र कोणी ऐतिहासिक साधन म्हणून पाहत नाही. तारीख, नमुना, जिवाणू, लागू पडणारी औषधे : अशा चार रकान्यांच्या वह्या एखाद्या जिल्ह्यात औषधे कधी आणि कशी निष्प्रभ होत गेली, याची कहाणी सांगू शकतात. त्या रद्दीत जाण्याआधी, रुग्णांची ओळख झाकून, जपल्या गेल्या पाहिजेत. मेरी बार्बर यांचे तीन आकडेही अशाच रोजच्या, कंटाळवाण्या नोंदींतून आले होते. त्यानंतर पाऊण शतक उलटले, आणि आज आपल्या जिल्ह्याचे तीन आकडे कोणी विचारले, तर ते सांगणारी वही कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या गावात विचारून पाहावा.

(धागा समाप्त)